१६ पैकी १२ जीबी मेमरी वापरात दिसते, पण वापरतंय कोण?

पाऊलवाट

डेस्कटॉपमध्ये १६ जीबी रॅम आहे, विंडोज ११. ब्राउझर, मेल आणि एक स्प्रेडशीट एवढंच उघडं असतं, तरी टास्क मॅनेजर ७५ टक्के मेमरी वापरात दाखवतो. म्हणून प्रोसेसच्या यादीतले आकडे एकेक करून जोडले. बेरीज जेमतेम सहा जीबी येते. बाकीचे सहा कुठे जातात ते यादीत दिसतच नाही.

याच मशीनवर दुसऱ्या ड्राइव्हवर लिनक्स आहे. तिथे वेगळाच प्रकार. टर्मिनलमध्ये ‘फ्री’ कमांड दिली की ‘फ्री’ रकान्यात फक्त चार-पाचशे एमबी उरलेले दिसतात, पण मशीन मात्र झकास चालतं. विंडोजवर तसं नाही, संध्याकाळपर्यंत खिडक्या बदलतानाही अडखळायला लागतं.

दोन्हीकडे मेमरी ‘भरलेली’ आहे, मग एक मशीन पळतं आणि दुसरं रखडतं असं का? आणि नेमका कोणता आकडा पाहायचा? नवी रॅम घेण्याआधी हे समजून घ्यायचं आहे.

वाटसरू२

रिकामी रॅम ही वाया गेलेली रॅम. सिस्टीम ती कॅशसाठी वापरते आणि गरज पडली की सोडून देते. टक्केवारीकडे बघूच नका.

अनुस्वार

वाटसरू, लिनक्सच्या बाबतीत तुमचं म्हणणं तंतोतंत लागू आहे. विंडोजचा किस्सा मात्र निराळा दिसतो, त्यामुळे दोन्ही वेगळे घेते. आधी सोपा भाग.

लिनक्सवर डिस्कवरून जी फाइल वाचली जाते तिची पानं (ठरावीक आकाराचे छोटे तुकडे) कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मेमरीत ठेवून देतो. याला पेज कॅश म्हणतात. तीच फाइल पुन्हा लागली तर डिस्ककडे जावं लागत नाही. पडताळायचं असेल तर तीनेक जीबीची एखादी व्हिडिओ फाइल घ्या, ‘टाइम’ लावून ‘कॅट’ने ती डेव्ह-नलकडे (जिथे पाठवलेलं सगळं टाकून दिलं जातं) पाठवा आणि लगेच तीच कमांड पुन्हा द्या. सेकंदाला दीडशे एमबी वाचणारी हार्ड डिस्क असेल तर पहिल्या वेळी वीसेक सेकंद लागतील. दुसऱ्या वेळी कमांड चटकन संपते, कारण सगळं रॅममधूनच वाचलं गेलं. आता ‘फ्री’ पुन्हा चालवा. ‘बफ/कॅश’ रकाना सुमारे तीन जीबीने फुगलेला आणि ‘फ्री’ तेवढाच आटलेला दिसेल.

ही पानं डिस्कवर जशीच्या तशी आहेत, त्यामुळे एखाद्या प्रोग्रामने मेमरी मागितली की कर्नल ती काहीही न लिहिता टाकून देऊ शकतो. म्हणून ‘फ्री’ रकान्याकडे दुर्लक्ष करा आणि शेवटचा ‘अव्हेलेबल’ वाचा. स्वॅपला (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेला) हात न लावता नव्या प्रोग्रामना किती मेमरी देता येईल याचा तो कर्नलने स्वतः काढलेला अंदाज आहे. २०१४ मध्ये आलेल्या ३.१४ कर्नलपासून तो मेमइन्फोमध्ये (कर्नल मेमरीचे आकडे देतो त्या फाइलीत) मिळतो. त्याआधी लोक ‘फ्री’ आणि ‘कॅश’ यांची बेरीज करायचे, ती फसवी ठरायची. कारण कॅशमध्ये मोजलेलं सगळंच टाकून देण्याजोगं नसतं. टीएमपीएफएस या रॅममध्येच राहणाऱ्या फाइल सिस्टीममधल्या फाइली, म्हणजे डेव्ह-एसएचएम आणि काही वितरणांवर टीएमपी फोल्डरसुद्धा, ‘कॅश’मध्येच धरल्या जातात, पण त्यांची प्रत डिस्कवर कुठेच नसते. स्वॅप नसेल तर त्या फाइली पुसेपर्यंत ती जागा अडकून राहते.

आता विंडोज. तिथल्या ‘इन यूज’ आकड्यात कॅश धरलेलीच नसते. म्हणजे तुमचे १२ जीबी खरोखर कोणीतरी धरून बसलंय, ते ‘कॅश आहे, सोडा’ म्हणून निकालात काढता येणार नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, मग परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे तळाशी जे आकडे असतात ते सगळे इथे लिहा.

केतकी_र

मी रॅम मोकळी करणारं एक छोटं ॲप वापरते. बटण दाबलं की ८० टक्क्यांवरून ४५ वर येतं, डोळ्यांदेखत. मग त्याचा उपयोग नाही असं का म्हणतात? आकडा तर खरोखर उतरतो. शिवाय रॅम मोकळी राहिली तर वीजही वाचत असेल ना?

दीपस्तंभ

केतकी, आकडा खरोखर उतरतो. काम मात्र वाढतं.

विंडोजवर प्रत्येक प्रोसेसची जी पानं सध्या रॅममध्ये हजर आहेत त्यांना वर्किंग सेट म्हणतात. ही ॲप्स बहुतेक करून एकच गोष्ट करतात, सगळ्या प्रोसेसचे वर्किंग सेट रिकामे करायला सिस्टीमला सांगतात. पानं तिथून निघतात आणि ज्यांत बदल झालेला नाही ती ‘स्टँडबाय’ यादीत जातात, बदललेली ‘मॉडिफाइड’ यादीत. मॉडिफाइडमधली पानं पुढे पेजफाइलमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या स्वॅपमध्ये, लिहिली जातात. या दोन्ही याद्या ‘इन यूज’मध्ये मोजत नाहीत, म्हणून टक्के धाडकन खाली येतात.

मग तुम्ही ब्राउझरच्या खिडकीवर क्लिक करता. त्याला तीच पानं परत हवी असतात. नशिबाने ती अजून स्टँडबायमध्ये असली तर नुसती जोडून मिळतात, हा सॉफ्ट फॉल्ट, स्वस्तातला. पण दरम्यान ती जागा दुसऱ्या कोणी घेतली असेल तर डिस्कवरून आणावी लागतात, हा हार्ड फॉल्ट. रॅमला उत्तर द्यायला शंभरेक नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शेकडो पट आणि फिरत्या हार्ड डिस्कला दहा मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ लाख पट. बटण दाबल्यावर मिनिटभर सगळं जडजड वाटतं ते यामुळेच.

विजेचं म्हणाल तर रॅम भरलेली असो वा रिकामी, तिला सतत ताजं करत राहावं लागतं. डीडीआर४ मध्ये हे चक्र साधारण ६४ मिलिसेकंदांचं असतं आणि पान वापरात आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. माझं स्पष्ट मत सांगतो, ते ॲप काढून टाका. पार्श्वभूमीत बसून तेही मेमरी खातंच.

पाऊलवाट

अनुस्वार, हे घ्या आकडे.

इन यूज ११.९ जीबी, त्यात कॉम्प्रेस्ड ०.८. अव्हेलेबल ३.९. कॅश्ड ३.७. कमिटेड १६.८/१८.४. पेज्ड पूल ६०० एमबी. नॉन-पेज्ड पूल ४.७ जीबी.

अनुस्वार

सापडलं! शेवटचा आकडा बघा. नॉन-पेज्ड पूल ४.७ जीबी.

तुमची बेरीज सहावर का थांबत होती ते आता जुळतं. टास्क मॅनेजरच्या यादीत प्रत्येक प्रोसेसची फक्त खासगी पानं दिसतात. प्रोसेसमध्ये सामाईक असलेली पानं त्यात नाहीत, कॉम्प्रेस करून ठेवलेली मेमरी नाही आणि कर्नलची तर नाहीच. सहा जीबी प्रोसेस, ०.८ कॉम्प्रेस्ड, ४.७ नॉन-पेज्ड, झाले साडेअकरा. उरलेले सामाईक पानं आणि कर्नलचा बाकी संसार यांत सहज मुरतात.

नॉन-पेज्ड पूल हा कर्नल आणि ड्रायव्हर यांचा राखीव साठा. यातली पानं कधीही डिस्कवर पाठवता येत नाहीत, कारण इंटरप्ट (हार्डवेअरची तातडीची हाक) हाताळताना डिस्कची वाट बघणं ड्रायव्हरला परवडत नाही. घरगुती मशीनवर हा आकडा काहीशे एमबी असतो. ४.७ जीबी म्हणजे एखादा ड्रायव्हर मेमरी मागतोय आणि परत करायला विसरतोय. ही खरी गळती. कुठलाही प्रोग्राम बंद करून ती भरून निघणार नाही, कारण ती कुठल्याच प्रोग्रामच्या नावावर नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर कर्नल पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. गळतीसकट. ‘रीस्टार्ट’ मात्र कर्नल खरोखर नव्याने सुरू करतो. रोज रात्री मशीन बंद करूनही पूल मोठाच राहत असेल तर कारण हेच असू शकतं.

तेव्हा आधी रीस्टार्ट करा आणि नॉन-पेज्ड पूल बघा. मग नेहमीची कामं एकेक करून करत, कशाने तो वाढतो ते टिपून ठेवा. चोर पकडायला पूलमॉन नावाचं साधन आहे, विंडोजच्या ड्रायव्हर किटबरोबर येतं. चालू केल्यावर ‘पी’ दाबून फक्त नॉन-पेज्ड निवडा, ‘बी’ दाबून बाइट्सनुसार क्रम लावा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चार अक्षरांची खूण दिसेल. ज्या खुणेचे बाइट्स वाढतच जातात, कमी होतच नाहीत, ती तुमची. मग ती चार अक्षरं सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरातल्या फाइलींमध्ये शोधा. कोणत्या फाइलीत सापडते ते कळलं की काम झालं.

वाटसरू२

हे भारी आहे. गळतीचा विचार मी केलाच नव्हता. या निमित्ताने एक विचारतो. माझ्याकडे ३२ जीबी आहे आणि एसएसडीची झीज नको म्हणून पेजफाइल बंद केली आहे. पण एक व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर ‘मेमरी अपुरी’ म्हणून बंद पडतं, आणि त्या क्षणी टास्क मॅनेजरमध्ये आठ-नऊ जीबी मोकळे दिसतात. हे कसं?

दीपस्तंभ

पाऊलवाटांनी दिलेल्या आकड्यांतला ‘कमिटेड’ आठवा, १६.८/१८.४. तुमचं उत्तर तिथे आहे.

विंडोज प्रत्येक प्रोग्रामला मेमरी देताना वचन देते की तू मागितलेलं प्रत्येक पान लागेल तेव्हा मिळेल. या वचनांची एकूण रक्कम म्हणजे कमिट. आणि वचनांची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. त्यापलीकडे विंडोज एकही वचन देत नाही, मागणी थेट नाकारते.

प्रोग्राम बरेचदा गरजेपेक्षा पुष्कळ जास्त मागून ठेवतात. संपादनाचं सॉफ्टवेअर सुरू होतानाच मोठे बफर राखून ठेवत असेल, त्यातला अर्धा भाग कधी हाताळतही नसेल. न हाताळलेलं पान रॅममध्ये जागा घेत नाही, पण वचनात मोजलं जातं. त्यामुळे रॅम मोकळी असते आणि वचनांची मर्यादा मात्र संपलेली. पेजफाइल असती तर ही नुसती वचनं तिच्या भरवशावर निभावली असती आणि डिस्कवर एक अक्षरही लिहावं लागलं नसतं. ती बंद केल्याने तुमची मर्यादा ३२ वरच अडली, म्हणून ‘अपुरी’.

पेजफाइलचा आकार सिस्टीमकडेच सोपवा. दुसरंही कारण आहे, निळा पडदा आला तर कर्नलची नोंद साठवायला विंडोजला ती लागते.

लिनक्सचा स्वभाव इथे उलटा आहे. तो मुळातच सैल हाताने वचनं देतो आणि सगळे एकदम वसुलीला आले की ओओएम किलर (मेमरी संपल्यावर धावणारी कर्नलची यंत्रणा) एखादी प्रोसेस निवडून संपवतो. विंडोजवर मागणाऱ्याला नकार मिळतो, लिनक्सवर कधीकधी भलत्याच प्रोग्रामचा बळी जातो. मला स्वतःला विंडोजची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, पण दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखं आहे.

केतकी_र

ॲप काढलं. आता ब्राउझरबद्दल सांगा. मोजके टॅब उघडे असतात तरी यादीत त्याच्या नावाच्या ढीगभर प्रोसेस दिसतात. लिनक्सवर ‘टॉप’मध्ये प्रत्येकाच्या पुढे ‘व्हर्ट’ म्हणून जो आकडा असतो तो तर मशीनमधल्या सगळ्या रॅमपेक्षा मोठा आहे! हे शक्य तरी कसं?

अनुस्वार

‘व्हर्ट’ने घाबरून जाऊ नका. तो पत्त्यांचा विस्तार आहे, म्हणजे प्रोसेसने स्वतःसाठी आखून ठेवलेला आभासी प्रदेश. ६४ बिटमध्ये पत्त्यांची ददात नाही, त्यामुळे ब्राउझर ते ऐसपैस आखून ठेवतात. रॅमशी त्याचा संबंध जवळपास नाही.

‘रेस’ हा रकाना रॅममध्ये हजर पानं सांगतो, पण त्यातही मेख आहे. ब्राउझरच्या वीस प्रोसेस एकच लायब्ररी वापरत असतील तर तिची पानं रॅममध्ये एकदाच असतात, मात्र वीसही जणांच्या ‘रेस’मध्ये मोजली जातात. सगळ्यांची बेरीज केलीत तर ती खऱ्यापेक्षा फुगलेलीच येणार. न्याय्य हिशेब हवा असेल तर पीएसएस पाहावा. त्यात सामाईक पान जितक्या प्रोसेस वापरतात तितक्यांत वाटून धरतात. ‘एसमेम’ नावाचं साधन तो रकाना दाखवतं.

प्रोसेस इतक्या का? २००८ मध्ये क्रोम आला तेव्हापासूनच त्याने टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवले, एक कोसळला तर बाकीचे वाचावेत म्हणून. पुढे स्पेक्टरसारख्या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्यावर २०१८ मध्ये डेस्कटॉप क्रोमने प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवणं सुरू केलं. एका पानात दुसऱ्या साइटची जाहिरात चौकट असली तर तिलाही वेगळी प्रोसेस. एका साइटने दुसरीची मेमरी वाचू नये यासाठी मोजलेली ही किंमत आहे आणि माझ्या मते ती योग्य आहे.

कोणता टॅब जड आहे ते क्रोमच्या स्वतःच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसतं, शिफ्ट-एस्केप दाबून बघा. फायरफॉक्सवर पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, कोलन (:) आणि ‘प्रोसेसेस’ टाका. निकाल बरेचदा अनपेक्षित असतो, एखादं एक्स्टेंशन सगळ्या टॅबना मागे टाकतं.

निळावंती

मॅकवाल्यांसाठी दोन शब्द. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधल्या मेमरी टॅबवर खाली ‘मेमरी प्रेशर’चा आलेख असतो. हिरवा असेल तर ‘यूज्ड’ कितीही असो, चिंता करू नये. ‘स्वॅप यूज्ड’ शून्य नसणं हेही नेहमीचंच. २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून मॅकही वापरात नसलेली पानं आधी रॅममध्येच दाबून ठेवतो, डिस्क त्यानंतर. पिवळा वारंवार दिसू लागला की मग बघावं.

पाऊलवाट

अनुस्वार, रीस्टार्टनंतर नॉन-पेज्ड पूल ३५० एमबी. शट डाउन करून परत चालू केलं तर कमी होत नाही, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. नेटवर्कवरून मोठं बॅकअप सुरू केलं आणि आकडा समोर चढायला लागला. बॅकअप संपला तरी खाली आला नाही.

पूलमॉनमध्ये एकच खूण वर सरकत होती. ती ज्या फाइलीत सापडली ती मदरबोर्डबरोबर आलेल्या, नेटवर्कचा ‘वेग वाढवणाऱ्या’ एका उपयुक्तता सॉफ्टवेअरची निघाली. ते काढलं, साधा ड्रायव्हर तसाच ठेवला. तोच बॅकअप पुन्हा चालवला, पूल चारशेच्या आत राहिला आणि नेटवर्कचा वेगही होता तेवढाच आहे. ‘इन यूज’ आता सात-साडेसात असतो.

तरी प्रश्न उरतोच. पुढेमागे रॅम खरंच कमी पडते आहे हे ओळखायचं कसं? टक्के नाही, मग काय?

दीपस्तंभ

फार छान शोधलंत. मनापासून अभिनंदन.

रॅम कमी पडण्याचं लक्षण एकच, जी पानं आत्ता हवी आहेत ती डिस्कवरून पुन्हा पुन्हा आणावी लागणं. त्यामुळे साठ्याकडे न बघता ये-जा मोजा, आणि तीही अडखळत असेल त्याच वेळी. मशीन निवांत असताना घेतलेला कोणताही आकडा निरुपयोगी.

विंडोजवर रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरी टॅबवर ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेख आहे. प्रोग्राम उघडताना तो उसळणारच, फाइल पहिल्यांदा वाचली जाते तीही त्यात मोजतात. काम मध्यावर असताना, नवं काहीच उघडत नसताना तो शेकड्यांत टिकून राहिला आणि ‘अव्हेलेबल’ काहीशे एमबीवर आला असेल, तर रॅम खरंच कमी आहे. कमिट मर्यादेला टेकत असेल तर आधी पेजफाइल तपासा.

लिनक्सवर ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने (स्वॅपमधून आत आणि स्वॅपकडे बाहेर) बघा. स्वॅपमध्ये दोन जीबी पडून आहेत एवढ्याने काही बिघडत नाही, कधीकाळी उघडलेल्या आणि विसरलेल्या प्रोग्रामची पानं तिथे असणंच बरं. दोन्ही रकाने सतत हलत असतील तर मात्र दुखणं आहे. ४.२० कर्नलपासून प्रॉक-प्रेशरमध्ये ‘मेमरी’ नावाची फाइल असते. तिच्यातली ‘फुल’ची ओळ सांगते की सगळं काम एकाच वेळी मेमरीच्या प्रतीक्षेत किती टक्के वेळ ठप्प होतं. ‘एव्हीजी१०’ म्हणजे गेल्या दहा सेकंदांची सरासरी. ती शून्याजवळ असेल तर रॅम पुरेशी आहे, ‘फ्री’ काहीही म्हणो.

निळावंती

याला एक जोड. लिनक्सवर कोणी झेडएफएस (एक फाइल सिस्टीम) वापरत असेल तर त्याची एआरसी कॅश ‘बफ/कॅश’मध्ये न दिसता थेट ‘यूज्ड’मध्ये दिसते. ‘अव्हेलेबल’ही मग खऱ्यापेक्षा कमी येतं. तिथे प्रोसेसची बेरीज जुळली नाही तर गळती शोधायला निघण्याआधी ‘आर्कस्टॅट’ चालवून बघा.

अनुस्वार

हो, आणि झेडएफएस नसेल तर ‘स्लॅबटॉप’. मेमइन्फोमधली ‘एसअनरिक्लेम’ ही ओळ लिनक्सवर साधारण नॉन-पेज्ड पूलसारखीच वाचता येते. ती सतत चढत राहिली तर स्लॅबटॉप कर्नलमधल्या कोणत्या वस्तू साचताहेत ते नावानिशी दाखवतो. पाऊलवाट, त्याच नेटवर्क कार्डाने लिनक्सवरून एकदा बॅकअप घ्या आणि ही ओळ आधी-नंतर टिपा. तीही स्थिर राहिली तर लिनक्सवरच्या ड्रायव्हरमध्येही अशी गळती दिसत नाही.